विहीणबाईंना एकेरी

शाळा सुटल्यापासून मी कुठल्याच परीक्षेचा एवढा अभ्यास केला नव्हता, जेवढा विहिणीशी बोलता यावं म्हणून केला. मुलगी ॲन आर्बरला पीएचडी करता करता तिथेच शिकणाऱ्या एका स्लोव्हाक मुलाच्या प्रेमात पडली. लग्न दोघांनी सिटी हॉलमध्ये अर्ध्या तासात उरकलं आणि आम्हाला फोटो आले. राग आला होता, पण जावयाला पाहिल्यावर तो टिकला नाही. मग बाळाची चाहूल लागली आणि ठरलं की दोन्ही आज्यांनी यायचं. मी अमेरिकेतल्याच अल्फारेटाहून, विहीणबाई थेट स्लोव्हाकियाहून. दोन बेडरूमचं टाउनहाउस, एक स्वयंपाकघर आणि सहा आठवडे. विहीणबाईंना इंग्रजी येत नव्हतं. तेव्हा त्यांची भाषा मीच शिकायची, हे मी परस्पर ठरवून टाकलं. मुलीची आई म्हटल्यावर एवढं नमतं घ्यायलाच हवं.

शिकवणी जावयाकडे होती, दर रविवारी व्हिडिओ कॉलवर. त्याला मुलीनं शिकवलेलं मराठी बऱ्यापैकी येतं आणि तो मला बेधडक "आई, तू" म्हणतो. माझ्या माहेरी, नागपूरला, एखादा जावई सासूला असं म्हणाला असता तर वाढलेली पानं तशीच राहिली असती. पण याच्या तोंडून ते गोड वाटतं, म्हणून मी लाडानं चालवून घेते.

पहिल्याच तासाला तो म्हणाला, "आई, आमच्याकडे पण सेम आहे. एक 'तू' आणि एक 'तुम्ही'. 'तुम्ही' म्हणजे 'वी'. दोन्ही शिकवतो."

"मला फक्त 'वी' शिकव," मी म्हटलं.

"पण माझी आई..."

"तुझी आई म्हणजे वरमाई. आमच्याकडे वरमाईचे पाय धुतात. एकेरीचं नावसुद्धा काढू नकोस."

तो हसला, पण त्यानं ऐकलं. विहिणीला त्यांच्यात 'स्वात्का' म्हणतात, हेही त्यानंच सांगितलं. इंग्रजीत या नात्याला शब्दच नाही, 'माझ्या मुलीची सासू' अशी मालगाडी ओढावी लागते, आणि इथे एका शब्दात विहीण! तिथेच मला ती भाषा आवडली. सहा महिन्यांत मी "आपण बसा", "आपण थकला असाल", "आपल्याला आणखी वाढू का" अशी पन्नासेक वाक्यं घोकून पाठ केली. नवरा म्हणायचा, "अगं, एवढा मान तू माझ्या आईलासुद्धा दिला नाहीस." त्याचं खरं होतं, पण मी तसं कबूल केलं नाही.

विहीणबाई आल्या तेव्हा नात पाच दिवसांची होती. ठेंगण्या, भक्कम बांध्याच्या, निवृत्त शिक्षिका, आणि डोकं पांढरंशुभ्र. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी मोठ्या असतील असं मी धरून चालले. दारातच हात जोडून मी माझं पहिलं वाक्य म्हटलं. त्यांनी टाळी वाजवली, मला घट्ट मिठी मारली आणि भडाभडा बोलायला लागल्या. मला दहा शब्दांतला एखादा कळत होता, तरी दोन दिवस आमचं झकास चाललं. त्या बटाटे सोलायच्या, मी पोळ्या लाटायची. त्या कोंबडीचं सूप करायच्या, मी अळिवाची खीर करायची, आणि मुलीला दोन्ही संपवावं लागायचं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवायला बसलो असताना विहीणबाईंनी एक बाटली टेबलावर आणली. गावाकडची, घरी केलेली आलुबुखाराची दारू. त्यांनी दोन इवलेसे पेले भरले आणि एक माझ्यापुढे ठेवला. मग उभ्या राहिल्या, छातीवर हात ठेवून आपलं नाव सांगितलं, नुसतं पहिलं नाव, आणि माझ्याकडे बघत सावकाश म्हणाल्या, "तिकायमे सी." म्हणजे, आता आपण एकमेकींना तू म्हणू या.

मला ते कळलं. न कळतं तर फार बरं झालं असतं, कारण मला ते कळलं मराठी पद्धतीनं. आपल्याकडे वरमाई म्हणते, "अहो, कशाला एवढा मानपान!" तेव्हा शहाण्या माणसानं काय करायचं असतं? "बरं" म्हणून मानपान गुंडाळून ठेवायचा? छे! खरा आग्रह तर तिथूनच सुरू होतो. मीही तो केला. मी पीत नाही, म्हणून पेला दोन्ही हातांनी अलगद मागे सारला. मग हात जोडले आणि चांगलं ठणकावून म्हटलं, "न्ये, न्ये! वी, वी!" नाही, नाही, तुम्ही ते तुम्हीच! वर लवून नमस्कारही केला.

जावयानं तोंड उघडलं, तेवढ्यात वर बाळ रडायला लागलं आणि तो आणि मुलगी दोघंही जिन्यानं पळाले. विहीणबाईंनी आपला पेला न पिताच खाली ठेवला. मला वाटलं, भारावल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या मला 'पानी' म्हणू लागल्या. पानी म्हणजे बाईसाहेब. मी खूश! मी असताना त्या स्वयंपाकघरात यायच्या आधी दारावर टकटक करायच्या. मी खुर्ची पुढे केली की आभार मानायच्या आणि उभ्याच राहायच्या. मिठी बंद झाली, टाळी बंद झाली, बटाटेही बंद झाले. मी फोनवर नवऱ्याला कौतुकानं सांगितलं, "काय सुसंस्कृत बाई आहेत! चार दिवसांत एक शब्द जास्तीचा बोलल्या नाहीत."

"भांडलात की काय?" त्यानं विचारलं. मी चिडून फोन ठेवला. त्याला माणसं कळत नाहीत असं माझं तीस वर्षांपासूनचं मत आहे.

आठव्या दिवशी सकाळी मुलीनं मला वर बोलावलं. ती बाळाला पाजत बसली होती आणि तिचे डोळे सुजले होते. जावई खिडकीपाशी उभा होता.

"आई, त्या चालल्यात," ती म्हणाली. "फ्रायडेचं तिकीट करायला सांगितलंय त्यांनी."

"का? काय कमी पडलं त्यांना?"

"त्या म्हणतात, त्या तुला इथे नकोयत. आई, त्यांनी तुला तू म्हणायला सांगितलं आणि तू सगळ्यांसमोर नाही म्हणालीस. ड्रिंकसुद्धा ढकललंस. कुणी हग करायला हात पुढे केले आणि तू त्यांना ढकलून दिलंस, तसं वाटलं त्यांना."

"अगं, तो आग्रह होता! मग तुम्ही दोघं मला बोलला का नाहीत?"

"आम्हाला वाटलं तुला खरंच नकोय. तू एवढी जोरात ओरडलीस यार!"

ही बाई एवढा समुद्र ओलांडून आपलं पहिलं नातवंड बघायला आली होती, आणि चार दिवस मी तिचं दुखावलेपण शिष्टाचार समजून मिरवत होते. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा कितीतरी जास्त वाईट वाटलं. सहा महिने ज्यांच्यासाठी घोकलं, त्यांनाच मी घराबाहेर काढायला निघाले होते.

"मी माफी मागते," मी जावयाला म्हटलं. "त्यांना म्हणावं, पुन्हा एकदा विचारा. या वेळी मी लगेच हो म्हणेन."

त्यानं मान हलवली. "नाही आई. एकदा 'नाही' ऐकलं की ती परत नाही विचारणार. आणि तू पण विचारू शकत नाहीस. हे वयानं मोठ्या माणसानंच विचारायचं असतं. लहान असेल तो थांबतो."

"त्यांचं वय काय?"

त्यानं सांगितलं. मी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं.

"मी त्यांच्याहून दीड वर्षानं मोठी आहे."

दोघंही माझ्या काळ्याभोर केसांकडे बघत राहिले. मग मुलगी रडता रडता फिस्सकन हसली. "आई! तुझा कलप!"

पंधरा वर्षं मी नेमानं कलप लावते. ऑफिसात मला पन्नाशीच्या आतली समजतात आणि मी कधी कुणाचा गैरसमज दूर केलेला नाही. पण त्या दिवशी मी पर्समधून ड्रायव्हिंग लायसन्स काढलं आणि खाली गेले.

विहीणबाई टेबलाशी बाळाच्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मला बघून त्या उठू लागल्या. मी लायसन्स त्यांच्यापुढे ठेवलं आणि जन्मसालावर बोट टेकवलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाचलं. तेव्हा मी मान खाली घातली आणि भांगातले केस दोन्ही हातांनी फाकवले. बाळंतपणाच्या गडबडीत तीन आठवडे कलप झाला नव्हता, मुळाशी चांगले नखाएवढे पांढरे केस होते. विहीणबाईंनी भांगावरून एक बोट फिरवलं. मग त्यांना जे हसू फुटलं, ते टेबल धरून त्या हसत राहिल्या.

मी वरच्या फळीवरची ती बाटली काढली आणि दोन पेले भरले. छातीवर हात ठेवून माझं नाव सांगितलं आणि म्हटलं, "तिकायमे सी." आता त्या 'न्ये' म्हणाल्या असत्या तर माझ्याकडे बोलायला काही उरलं नव्हतं.

त्यांनी पेला उचलला, त्यांच्या रीतीप्रमाणे माझ्या हातात हात गुंफला आणि माझं नाव घेतलं. बाईसाहेब नाही, विहीण नाही, नुसतं नाव. आई गेल्यापासून कुणी मला असं पुरतं नाव घेऊन 'तू' म्हटलेलं नव्हतं. मी घोट घेतला. घसा जळत गेला, जोराचा ठसका लागला, आणि तिनं शाळेतल्या पोरीला मारावी तशी माझ्या पाठीत थाप मारली. मी रडले. ते दारूमुळे असं मी खुणेनं सांगितलं, पण तिनं ते मानलं नाही, कारण तीही रडत होती.

थोड्या वेळानं जावई फोन हातात घेऊन खाली आला. शुक्रवारचं तिकीट मिळत होतं. ती त्याला चार शब्द बोलली आणि त्यानं फोन खिशात टाकला.

आता अडचण एकच होती, मला एकेरीतलं एकही वाक्य येत नव्हतं. पन्नास वाक्यं पाठ, आणि सगळी आदरार्थी. मग तिनंच मला कामाला लावलं. बस, दे, उचल, चाखून बघ. 'आपण कृपया'ला लागणाऱ्या वेळात तीन कामं उरकायला लागली. तिला माझी खीर फार गोड वाटत होती, हेही मला तेव्हाच कळलं. तुझ्या सुपाला मीठ नसतं, हे मी तिला हातवारे करून सांगितलं.

दुपारी नवऱ्याचा फोन आला. "काय म्हणतायत विहीणबाई?"

"ती होय? आंघोळीला गेलीय. मला दम देऊन गेलीय, बाळाला घेऊन गप बस, भांड्यांना हात लावलास तर बघ."

पलीकडून नवरा एकदम आवाज खाली घेऊन म्हणाला, "अगं, हळू बोल! वरमाईला अगंतुगं करतेस? ऐकलं त्यांनी तर?"

"ऐकू दे," मी म्हटलं. "मी तिच्याहून मोठी आहे."