साहेबाच्या शेकोटीची काजळी

सोलापुरात शेकोटी लागत नाही. मे महिन्यात तर माणूस नुसता खुर्चीत बसला तरी भाजून निघतो. तरीही आम्ही भाड्याने राहतो त्या बंगल्याच्या दिवाणखान्यात, भिंतीत बांधलेली, धुराड्यासकट शेकोटी आहे. कारण बंगला गिरणीच्या इंग्रज साहेबाने बांधला होता. (थंडी विलायतेतच राहिली, शेकोटी तेवढी बोटीने आली!)

सत्तरच्या दशकातली गोष्ट. घरमालक मल्लप्पाअण्णांना बंगला पाडायचा होता, म्हणजे आम्ही रस्त्यावर! मी चिडून सरकारकडे अर्ज ठोकला: वास्तू ऐतिहासिक आहे, जतन करा! पाहणी ठरली. आदल्या दिवशी अण्णा येऊन म्हणतात कसे,

"मास्तर, कसली शेकोटी? लोनच्याच्या बरन्या ठिवायचं कपाट हाय ते!"

बरण्या आमच्या हिने ठेवल्या होत्या, हे खरं. पण म्हणून कपाट?

"पेटवून दाखवू?" मी ओरडलो.

"पेटवा की!"

ही भवानी पेठेत बहिणीकडे गेली होती. मी बरण्या काढल्या, मोडकी खुर्ची आत रचली, रॉकेल ओतलं, काडी लावली. धूर वर जाईना! सगळा खोलीत आला. "मेलो की रं!" करत अण्णा फेटा टाकून पळाले. तेवढ्यात ही दारात.

"अहो, धुराड्यात चादर कोंबलीय मी! पारवे घाण करत्यात म्हणून!"

"चादर? ऐतिहासिक धुराड्यात?"

"मग काय तुमच्या डोक्यावर घालू?" म्हणत तिने पिण्याच्या पाण्याचा अख्खा माठ शेकोटीत रिकामा केला. (नळ परवा येणार होता!) विस्तव विझला, पण छत काळंकुट्ट झालं. घासून घासून माझे हात गेले, काजळी हलली नाही.

दुसऱ्या दिवशी पाहणीचे अधिकारी आले. कमानी, खांब, रंगीत काचा, कशाकडे ढुंकून बघितलं नाही. छताखाली मात्र थबकले.

"वा! साहेबाच्या काळची काजळी! अस्सल!"

मी तोंड उघडणार, इतक्यात हिने माझ्या पायावर पाय दिला.

बंगला वाचला. अट एकच: काजळीला हात लावायचा नाही! दर दिवाळीला ही चुन्याची बादली दाखवते आणि मी खाली बघतो. पाहुणे माना वर करून म्हणतात, "काय थाटात राहायचे हो इंग्रज!"

अस्सा संताप येतो! त्या साहेबाने सोलापुरात शेकोटीला कधी काडी लावली नसणार. तेवढी अक्कल त्याला होती. पेटवणारा गाढव गावात एकच निघाला, आणि सरकारदरबारी त्याचं नावसुद्धा नाही!