डॉक्टरांच्या गाडीचे ब्रेक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, गॅरेजमधल्या कुणाला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तेही मला धड सांगता येणार नाही. तुम्ही माझं गिऱ्हाईक नाही, एवढं बरं आहे.

खोपोलीत शिळफाट्याला माझं गॅरेज आहे. जुनी गाडी म्हटली की लोक माझ्याकडे पाठवतात, आणि मला ते आवडतं — खोटं कशाला बोलू? कर्जतच्या एका डॉक्टरांची अँबॅसिडर अशीच माझ्याकडे आली. वडिलांची गाडी, कित्येक वर्षं शेडमध्ये पडून. चाकं जाम, ब्रेकच्या नळ्या गंजलेल्या. डॉक्टरांचं म्हणणं एकच — ब्रेक मूळचेच हवेत, नव्या गाडीचं काही बसवायचं नाही. लग्नाच्या वाढदिवसाला दोघांना याच गाडीतून लोणावळ्याला जायचं होतं. मी चारचौघांत छाती ठोकून सांगितलं, होते तसे करून देतो.

चारी चाकांचे ड्रम उघडले. ड्रमला घासणारे लायनर नवे, नळ्या नव्या, चाकांकडची रबरं नवी. तिथवर काम चोख होतं, त्याबद्दल कुणी मला बोलू नये. अडलं ते मास्टर सिलिंडरपाशी. पेडल दाबलं की ऑइलचा दाब चारी चाकांना तिथूनच जातो. आतून तो गंजाने खाल्लेला, नखाला लागतील असे खड्डे. असा सिलिंडर फेकायचा असतो. मला ठाऊक नव्हतं? होतं की. मुंबईत सांगून ठेवलेला दुसरा काही येईना. डॉक्टरांना फोन करून 'थांबावं लागेल' एवढंच सांगायचं होतं. ते थांबले असते, माणूस भला. पण 'जमलं नाही' हे माझ्या तोंडून निघेना. मी तो सिलिंडर पॉलिश पेपरने आतून घासला, नवी रबरं घातली, ऑइलमधली हवा काढली. कर्जतच्या रस्त्यावर गाडी जागच्या जागी थांबली आणि डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली.

घाटात मी ती नेलीच नाही. का नाही नेली? — भीती वाटत होती म्हणून. म्हणजे माहीत होतं मला.

गाडी चालवायला नामदेव होता. कुंभिवलीचा, डॉक्टरांकडे हयात घालवलेला ड्रायव्हर. त्याची खोड साऱ्या स्टँडला माहीत — बोरघाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची. आमच्याकडचे जुने ड्रायव्हर बरेच जण करतात. मग इंजिन गाडीला अडवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि धरेनासे होतात. त्यावरून मी त्याला शिव्याही घातल्या होत्या.

लोणावळ्याहून परतताना घाटात पेडल तळाला गेलं. नामदेवने गाडी दरीकडे जाऊ दिली नाही, डोंगराला घासत नेऊन थांबवली. डॉक्टरीणबाईंचा हात मोडला. सगळे जिवंत राहिले ते त्याच्यामुळे.

गाडी ओढून माझ्याकडेच आणली. शटर खाली घेऊन मी सिलिंडर उघडला. खड्ड्यांनी रबराची कड कुरतडून टाकली होती. लायनर बघितले — तापल्याची, जळल्याची खूण कुठेच नाही. मी तो सिलिंडर भंगारात टाकला आणि बाहेर येऊन डॉक्टरांना म्हणालो, "ब्रेक ठीक होते, साहेब. नामदेवने न्यूट्रल केली असणार."

त्याचं नाव मला कुणी विचारलंही नव्हतं. मीच घेतलं. आणि सगळ्यांना ते लगेच पटलं.

नामदेवची नोकरी गेली. पुन्हा कुणी त्याच्या हातात गाडी दिली नाही. तो भांडायला येईल म्हणून मी तयारीत होतो. आला, पण भांडला नाही. बाकड्यावर बसून स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.

"मला आठवतं तसं गाडी गेरातच व्हती रं," तो म्हणाला. "पन तू म्हनतोस ना... सवयीचा हात हाय. गेला आसल."

तेव्हा सांगणं किती सोपं होतं? आम्ही दोघंच होतो. मी चहा मागवला. म्हणालो, होतं असं, मनाला लावून घेऊ नको.

सिलिंडरचं एक वेळ सोडा. जे घडलं ते त्या माणसाला नीट आठवत होतं, आणि मी त्याचा त्यावरचा भरवसा काढून घेतला. वर चहा पाजला. मला स्वतःची किळस येते ती याची.

आता तो कुंभिवलीतच एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन आहे. परवा तिथे टेंपो बघायला गेलो, तर त्याने एका नव्या ड्रायव्हरला धरून ठेवलं होतं. असा कुणीही नवखा दिसला की तो सांगतोच म्हणे.

"घाटात कदी गेर काढू नको, बाबा. मी काढला नि मालकिनीचा हात मोडला. खोटं वाटत आसल तर या मिस्त्रीला इचार."

ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागला. नामदेवही बघत होता.

मी म्हणालो, "खरं हाय."