अंगणात आखलेली गाडी

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत मिळून, अजून विकत न घेतलेल्या वस्तूंबरोबर माझ्या साडूंइतका दीर्घ संसार कुणी केलेला नाही. साडू कशेळ्याचे गवंडी. पाया खणण्याआधी जमिनीवर पांढऱ्या फक्कीने घराची आखणी करतात. तीच रीत त्यांनी घरच्या खरेदीला लावली आहे. फ्रिज घ्यायचं ठरलं, तेव्हा दुकानात जाऊन त्यांनी टेपने माप घेतलं, स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने तेवढा चौकोन काढला आणि पोस्टात दरमहा पैसे टाकायला सुरुवात केली. पैसे पुरे होईपर्यंत घरातल्या सगळ्यांनी चौकोनाला वळसा घालून चालायचं. "वस्तू अडचन करती का नाय, ते आधी कळाय नको?" हा त्यांचा युक्तिवाद. एकदा मी पाण्याचा पेला घेऊन नकळत त्यात उभा राहिलो. साडू ओरडले, "साडू, फ्रिजमधनं भायेर या, सर्दी होईल!" तो फ्रिज चौदा महिन्यांनी आला. सोफा मात्र आलाच नाही. सहा महिने वळसे घातल्यावर त्याला घरात जागा नाही असं सिद्ध झालं, आणि त्या आनंदात साडूंनी आळीत जिलबी वाटली.

हप्त्यावर वस्तू घेणाऱ्यांची त्यांना कीव येई. भाच्याने हप्त्यावर मोटारसायकल घेतली, तेव्हा हातातला पेढा न खाता त्यांनी विचारलं, "पेढं तरी रोखीनं आनलं का रं?"

मग चारचाकीची आखणी अंगणात झाली. फक्की चार दिवसांत पुसली जाई, साडू पुन्हा मारत. शेजाऱ्याला हाक मारून सांगत, "तुझी म्हस मागच्या शिटवर बसलीय, उठव तिला!" गाडी हवी होती ती ताईंसाठी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीसाठी. गुडघ्यांमुळे त्यांना जीपची पायरी चढवेना, आणि खालापूरला माहेरी जाणं थांबलं होतं. तिथे नव्वदी ओलांडलेल्या आमच्या सासूबाई. त्यांना फोनवर ऐकू येत नाही, त्यामुळे समोर बसल्याशिवाय बोलणं नाही.

एका दुपारी मी तिथे असताना ताईंनी घरातून खुर्ची आणली आणि आखणीत, पुढच्या डाव्या बाजूला मांडून बसल्या.

"काय करतीस गं तितं?" साडूंनी विचारलं.

"आईकडं निघालेय."

"अगं, निम्मंच जमल्यात. दोन वर्सं लागतील अजून."

"मी थांबते की. मला काय धाड भरलीय? आईला जाऊन इचारा, ती थांबती का."

आखणीला एक वळसा घालून साडू माझ्याजवळ आले. "साडू, उद्या कागद वाचाय बँकेत येता का माझ्यासंगं?"

साठलेले पैसे भरले आणि उरलेल्याचं कर्ज काढलं. "आधी फेडलं तर चालंल ना?" हे त्यांनी अधिकाऱ्याला तीनदा विचारलं. सही मात्र ओळंबा लावल्यासारखी सरळ केली.

पहिल्याच रविवारी गाडी खालापूरला गेली. सासूबाई दारातच पुढच्या सीटवर बसल्या आणि घरात यायला तयार होईनात.

"कुनाची वो गाडी, जावई?"

साडू त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाले, "निम्मी आमची, निम्मी बँकेची!"

"मंग मी कुटल्या निम्म्यात बसलेय?"

"आमच्या, आत्या. आमच्याच!"

त्यानंतर सासूबाई एकतीस रविवार होत्या. साडूंनी एकही चुकवला नाही.

हप्ते अजून चालू आहेत. रविवारी सकाळी साडू गाडी पुसतात, ताई साडी बदलून येतात आणि पुढे बसतात. कुठे जायचं, ते मग दोघांनाही सुचत नाही. थोडा वेळ तसेच बसतात आणि जवळच्या कोंडाणे लेण्यांच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतात.