या जोडणीवरचा सर्व वापर माझा

आष्टीत ब्रॉडबँड आल्यावर चारेक महिन्यांत मी घरच्या संगणकावर एक सेवा सुरू केली. काही माणसांना आपला ठावठिकाणा कळू न देता इंटरनेट वापरायचं असतं. त्यांच्यासाठी ठिकठिकाणचे लोक आपली लाइन उसनी देतात. पाकिटात पाकीट, त्यात आणखी एक. वरचं मी फोडायचं आणि आतलं पुढच्या घरी पोचवायचं. आत काय आहे, कुणाचं आहे, ते मला दिसत नसे. मोबदला काही नव्हता. पूर्वी एका कचेरीतल्या मापाच्या लबाडीबद्दल मी वरच्या कचेरीला बिननावाचं पोस्टकार्ड टाकलं होतं. तिसऱ्या दिवशी तिथल्या साहेबांनी तेच कार्ड माझ्यापुढे धरलं. माझ्यासारख्या भुसार दुकानदाराचं अक्षर तालुक्यात सगळ्यांना ओळखू येतं. तेव्हापासून, निदान दुसऱ्या कुणाला तरी लपता यावं, असं वाटायचं.

भारनियमन धरून रोज साधारण एक गीगाबाईट माझ्या घरातून जायचं. मी वहीत लिहीत असे. तीन महिन्यांत ब्याण्णव झाली.

त्याच उन्हाळ्यात मुलगी बाळंतपणाला आली. सातवा लागला होता. जावई मस्कतला फिटर. रोज दुपारी दोनला ती हेडफोन लावून त्याच लाइनवरून त्याच्याशी बोलायची. परदेशी रोज फोन करणं दोघांच्याही ऐपतीबाहेरचं होतं.

शुक्रवारी टेलिफोनचा लाइनमन आला.

"अप्पा, घरात कॅफे टाकला म्हणं तुमी?"

"कोण म्हणालं?"

"आमची मशीनच म्हणती की. तुमची लाइन झोपतच न्हाई. घरगुती प्लॅनवर धंदा चालत न्हाई बगा. सायबांनी बोलावलंय, न्हाईतर सोमवारी कापायची हाय."

मी लगेच त्याच्याबरोबर टेलिफोन कचेरीत गेलो. साहेब सभ्य होते. त्यांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. गेल्या तीन महिन्यांत या जोडणीवरून झालेला सर्व वापर माझा व माझ्या कुटुंबीयांचा आहे; जोडणी इतर कुणास वापरू दिलेली नाही.

"सही करा, विषय मिटला."

"साहेब, हे खरं नाही."

"मग कुणी वापरली?"

"माहीत नाही."

त्यांनी चष्मा काढला. "नावं राहू द्या. किती जण, ते सांगा."

"तेही माहीत नाही."

दारातला लाइनमन हसला. "घरात लगीन हाय का, अप्पा? किती पंगती उठल्या ते ठावं न्हाई म्हणं."

मी पाकिटांचं समजावून सांगितलं. साहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे मी वर कळवलं तर लाइन तर जाईलच, पण चौकशीही लागेल. संगणक नेतील. पाकिटं काय असतात ते मग तुम्हीच त्यांना समजावा."

दुसरं वाक्य खोडू का, विचारलं. खाडाखोड चालत नव्हती. 'आजपासून' असं लिहू का?

"अप्पा, मागचंच तर विचारलंय."

सही केली तर त्या सगळ्यात जे काही चांगलं-वाईट गेलं असेल ते माझ्या नावावर. नाही केली तर मुलीचं दुपारचं बोलणं बंद. मी सोमवारपर्यंत मुदत मागून घरी आलो.

"अहो, तुमच्या एका सहीनं कुणाचं काय जातंय?" बायको म्हणाली.

"माझं जातंय."

मुलगी म्हणाली, "अप्पा, सोमवारी सकाळी सोनोग्राफी आहे. दुपारी यांना सांगता येईल ना?"

रविवारी मी सेवा बंद केली. थांबवल्यावरही ती अर्धं मिनिट चालू राहते, हातातलं काम पुरं होऊ देते. तेवढा वेळ मी पडद्यासमोर बसून होतो. बंद केल्यानं मागचं काही बदलणार नव्हतं, हे मला कळत होतं.

सोमवारी त्या दोघी दवाखान्यात गेल्या आणि मी कचेरीत. सही केली. साक्षीदार म्हणून लाइनमननं खाली नाव घातलं. साहेबांनी झेरॉक्स दिली.

दोनला मुलगी बोलायला बसली. बाळ नीट आहे, पाणी नीट आहे, सगळं सांगत होती. मी बाहेरच्या खोलीत होतो, कागदाची घडी खिशातच. पलीकडून जावयानं काहीतरी विचारलं असावं.

"नाही, अप्पा बरे आहेत," ती म्हणाली. "कालपासून बोलत नाहीत कुणाशी, एवढंच."