छापलेलं वाचत गेलो

आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला माणूस. हे मी मोठेपणानं सांगतो आणि त्याची मला लाज वाटत नाही. आज्यानं, बापानं, चुलत्यांनी मेंढरं राखली. मी मेंढरांमागं फिरत बारावी झालो आणि हिंगोलीला बी.ए.ला गेलो. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होतं. आमचं गाव वारंगा फाट्याला उतरून दीड कोस आत. ज्या गोष्टीची मला अजून किळस येते ती याच मोठेपणापायी घडली, म्हणून ते आधी सांगून टाकलं.

माझा धाकटा चुलता आणि त्याचा जोडीदार, या दोघांची ही गोष्ट. काकाचं लग्न झालं नाही. दोनदा ठरलं आणि दोन्ही वेळा तो ऐन वक्ताला मेंढरं घेऊन लांब निघून गेला. जोडीदार हिंगोलीपलीकडच्या पुसेगावचा. चराईच्या फिरतीत कुठंतरी दोघांची गाठ पडली. मला कळायला लागलं तेव्हापासून ते आमच्या शेताच्या बांधाला एका झोपडीत राहत होते. जोडीदाराला मी मामा म्हणायचो. दोघांचं खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, एकच. आमच्यात प्रत्येक घराची मेंढराच्या कानावर वेगळी खूण असते. कान कुठं चिरायचा, कुठं टोक उडवायचं हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं. या दोघांनी आपापल्या बापाची खूण सोडून तिसरीच काढली होती. उजव्या कानाला दोन चिरा. जन्मलेल्या प्रत्येक कोकराला तीच.

दर साली दिवाळी सरली की काकाला तकलीफ व्हायची. ताप नाही, खोकला नाही. माणूस घोंगडीत शिरायचा आणि महिना महिना बाहेर यायचा नाही. बोलणं बंद, जेवण बंद, मेंढरू मेलं तरी मान वळवायची नाही. भगत, अंगारे, लिंबू सगळं झालं होतं. शेवटी जोडीदारानंच कुणाकुणाला विचारून त्याला नांदेडला मनाच्या डॉक्टरकडं नेलं. तिथल्या गोळ्या तो पानाच्या चंचीत ठेवायचा आणि रोज सकाळी काकासमोर बसायचा.

"गिळली का?"

"व्हय."

"आ कर."

"म्या काय मेंढरू हाय का, दात बघायला?"

"मेंढरू बरं. ते खोटं बोलत न्हाई."

हे काका थोडा बरा असला की. नसला तर जोडीदार एकटाच बोलायचा. भाकर दुधात चुरायचा आणि एक घास त्याला, एक स्वतःला असं चालू ठेवायचा. एक घास खायला कधी कधी तास लागायचा. खांड बाहेर खोळंबून ओरडायचं.

दोघं एकमेकांचे कोण, हे गावानं कधी विचारलं नाही. माझी आई सणाला दोघांचं मिळून एक ताट पाठवायची. सगळ्यांना सगळं कळत होतं. वीस वर्षं गावानं न बोलून सांभाळलं होतं, आणि मला ते तेव्हा फार मोठं वाटायचं.

कॉलेजच्या लायब्ररीत मी हाताला लागेल ते वाचायचो. त्या कथा-कादंबऱ्यांतला मन बिघडलेला माणूस मला कधी ओळखीचा वाटला नाही. तो कपडे फाडायचा, खदाखदा हसायचा, शेवटच्या पानावर मरायचा. आणि दोन पुरुषांचं घर आलंच, तर हसण्यापुरतं नाहीतर थुंकण्यापुरतं. म्हटलं, ह्यांनी कधी बघितलं तरी आहे का? दुसऱ्या वर्षाला असताना मी वहीची सहा पानं लिहिली. एक सकाळ. काका घोंगडीत, जोडीदार भाकर चुरतोय, बाहेर मेंढरं. शेवटी काका सातवा घास घेतो, संपलं. ते कोण आहेत, काय आजार आहे, काही लिहिलं नाही. लिहायची गरज वाटली नाही.

कॉलेजच्या वार्षिकांकाचं काम मराठीच्या सरांकडं होतं. सरांनी पानं ठेवून घेतली आणि म्हणाले, "सामग्री चांगली आहे तुझ्याकडं." मी खूश. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात माझ्या कथेला पहिलं बक्षीस लागलं. स्टेजवर पितळी कप घेतला, अंकाची एक प्रत घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. बसमध्ये तासभर मी स्वतःचं नाव आणि फोटो बघत बसलो. कथा वाचली नाही. आपलीच कथा, तिच्यात काय वाचायचं!

गावात त्या दिवशी कातरण होतं. मेंढरं वढ्यात धुऊन आणलेली, भावकीतले पंधरा-वीस जण कात्री घेऊन बसलेले, लोकरीचे ढीग पडलेले. काकाला उठून आठ-दहा दिवस झाले होते. तो पाय दुमडून मेंढरू धरत होता आणि जोडीदार कातरत होता.

"आलं बघा पदवीधर!" एक जण ओरडला. "कात्री धरता येती का इसरला?"

"त्याच्या हातात पितळंचा गडवा दिसून राहिला. दूध काढाया आलाय काय?"

"गडवा न्हाई, कप हाय," मी म्हणालो. "गोष्ट छापून आली माझी. आपल्या काकाची आन् मामाची."

"आमची?" काकानं मेंढरू सोडलं. "आमच्यात काय हाय छापाया?"

"वाच की मंग," थोरला चुलता म्हणाला. भावकीत त्याचा शब्द शेवटचा. "लेकरू शिकलंय, ऐकू तर द्या."

मी लोकरीच्या गाठोड्यावर बसलो आणि वाचायला लागलो. पहिला परिच्छेद माझाच होता. गावाचं वर्णन, बांध, झोपडी, उजव्या कानाच्या दोन चिरा. लोक माना हलवत होते. जोडीदार हसून म्हणाला, "कान बी लिहिला का रं!"

दुसऱ्या परिच्छेदात काकाचे डोळे रक्तासारखे लाल झाले. ते मी लिहिलं नव्हतं. पुढच्या ओळीत तो विकट हसला. मी थांबलो नाही. वाटलं एखादी ओळ सरांनी घातली असेल. मग त्यानं अंगावरचे कपडे फाडले आणि एका कोकराचा गळा दाबला. चंचीतल्या गोळ्या होत्या तशाच होत्या, फक्त आता जोडीदार त्या चारून त्याला मुद्दाम गुंगीत ठेवत होता. का, तेही लिहिलं होतं. 'आपली विकृत भूक भागवण्यासाठी' असं. आणि शेवटी विहिरीनं वेड्याला पोटात घेतलं, आणि समाजानं त्या नराधमाला दगडांनी ठेचलं, आणि वाचकांनो, यातून आपण काय शिकणार, असा सवाल.

शेवटपर्यंत वाचलं मी. ही जी घाण आहे ती माझी आहे, सरांची नाही. तिथं बसलेल्या एकालाही अक्षर वाचता येत नव्हतं. मी पान समोर धरून माझी सहा पानं तोंडपाठ म्हणून दाखवली असती तर कुणाला कळलं असतं? माझी कथा मला शब्दन् शब्द पाठ होती. पण छापलेलं होतं ना. वर माझं नाव होतं, फोटो होता. छापलेल्यापुढं माझी जीभ माझी राहिली नाही, ती कागदावरचं बोलत गेली. आवाजसुद्धा खणखणीत लावला होता मी.

कात्र्या थांबल्या होत्या. काका माझ्याकडं बघत होता.

"म्या कंदी मारलं कोकरू?" एवढंच तो म्हणाला.

"काका, हे मी लिहिलं न्हाई. सरांनी बदललं."

"नाव कोणाचं हाय वर?" थोरल्या चुलत्यानं विचारलं.

"माझं."

"मंग?"

पुढं जे झालं ते बघून मला माझ्या माणसांचीही शिसारी आली. ज्यांनी वीस वर्षं त्या झोपडीतलं दूध प्यायलं, तेच खाकरायला लागले. एकानं जोडीदाराच्या हातचं पाणी सांडून टाकलं. थोरला चुलता म्हणाला, "आतापस्तोर झाकून व्हतं. आता कालेजात छापून आलं. भावकीतल्या पोरी उजवायच्यात. खांड फोडा आन् ह्याला वाटंला लावा." म्हणजे ज्याला मी मोठेपणा समजत होतो ते नुसतं झाकण होतं. एका कागदानं उडालं. माझा बाप खाली मान घालून लोकर गोळा करत राहिला.

खांड फोडायला बसले तर फोडता येईना. सगळ्या कानांवर एकच खूण.

"तुझी कोणती?" जोडीदाराला विचारलं.

"समदी त्याची."

"आन् तुझी?" काकाला विचारलं.

"समदी त्याचीच."

काही जण फिसकन हसले. थोरल्या चुलत्याला राग आला. त्यानं काटेरी कुंपणात एक फट करायला लावली आणि एकेक मेंढरू बाहेर काढलं. एक डाव्या बाजूला, एक उजव्या. आई कुठली, पिल्लू कुठलं, बघितलं नाही. बराबर निम्मं. दोन्ही बाजूंनी इतकी ओरड उठली की माणसाचं बोलणं ऐकू येईना. अर्धवट कातरलेली मेंढरं तशीच घेऊन जोडीदार निघाला. जाताना त्यानं चंची काकाच्या हातात ठेवली. काकानं ती खाली पडू दिली.

मी उलट्या पावली हिंगोलीला गेलो. सर स्टाफरूममध्ये चहा पीत होते.

"अरे, नुसती भाकर चुरण्यावर कथा होते का?" ते म्हणाले. "वेडा माणूस वेडा वाटायला नको? आणि ते दोघं... सूचक होतं, पण वाचकाला धक्का बसत नव्हता. मी संस्कार केले म्हणून बक्षीस लागलं तुला."

"माझी पानं द्या परत."

"ती प्रेसवाल्यानं टाकून दिली असतील."

माणूस वाईट नव्हता, हे जास्त वाईट. माझं भलं केलं असं त्याला मनापासून वाटत होतं. खांड फोडल्याचं सांगितलं तर म्हणाले, "बघ, म्हणजे समस्या खरी होती." मी त्यांच्या टेबलावर थुंकलो नाही. कपही परत केला नाही, हे लिहून ठेवतो.

गावात काका परत घोंगडीत गेला होता, यंदा दुसऱ्यांदा, आणि आता आमच्या ओसरीवर. आई ताट ठेवायची, संध्याकाळी उचलायची. घोंगडीला वास मारत होता. बापानं भगत आणला. त्यानं मिरच्यांची धुरी दिली, कडुलिंबाचे फोक मारले. काका खोकला, पण ओरडला नाही. बाराव्या दिवशी त्यानं पाणीसुद्धा नाकारलं. मी मामाच्या शोधात पुसेगावला गेलो.

तो गावाबाहेर माळावर बसला होता. मला बघून उठला नाही.

"मामा, ते सगळं सरांनी घातलं होतं. आईची शपथ."

"मास्तराला म्या काय वळखतो? म्या तुझ्या तोंडून ऐकलं."

"चूक झाली."

"काहून वाचत गेलास रं? मधीच गप बसायचं की."

 मग त्यानंच विचारलं, "जेवून राहिला का तो?"

"न्हाई. पाणी बी न्हाई."

तो ताडकन उठला आणि शिव्या द्यायला लागला. मला, भगताला, माझ्या बापाला. मग म्हणाला, "म्या तिकडं पाय ठेवणार न्हाई. तुमच्या भावकीनं बराबर वाटा केलाय. तूच आण त्याला. आजच."

बाप दारात आडवा झाला. "नेलास तर तू बी परत येऊ नको." मी काकाला घोंगडीसकट उचललं. वजन राहिलंच नव्हतं. एसटीत लोक नाक धरून पुढच्या बाकांवर सरकले. कंडक्टर म्हणाला, "काय झालंय ह्यांना?" मी म्हणालो, "आजारी आहेत. सासुरवाडीला चाललेत." हिंगोलीला गाडी बदलताना काका माझ्या खांद्यावर डोकं टेकवून म्हणाला, "त्या गोष्टीत म्या मेलो ना?" मी म्हणालो, "न्हाई काका. ते खोटं हाय." त्यानं ऐकलं का, कळलं नाही.

पुसेगावच्या स्टँडवर जोडीदार उभा होता. काकाचं वजन त्यानं माझ्याकडून घेतलं तेव्हा माझ्याकडं बघितलं नाही.

काकाला वाचवायला त्यांना तीन महिने लागले. त्यांना म्हणजे जोडीदाराला आणि नांदेडच्या डॉक्टरला. मी त्यात नव्हतो. पुढं हिंगोली जिल्हा झाला, मला कॉलेजात नोकरी लागली, बापाचा राग विझला. काकाच्या वाट्याची मेंढरं मीच हाकत नेऊन दिली.

सुट्टीला मी जातो त्यांच्याकडं. दोघं म्हातारे झालेत, खांड लहान झालंय. मला बसायला घोंगडी टाकतात, दूध देतात, कोंबडी कापू का विचारतात. लांबून येताना मला त्यांचं भांडण ऐकू येतं, हसणं ऐकू येतं. मी फाटकाजवळ खाकरलो की दोघं गप होतात. मग चाऱ्याचं बोलतात, लोकरीच्या भावाचं बोलतात, औंदा पाणी कसं ते बोलतात. तलाठी आल्यावर माणसं बोलतात तसं. तब्येत विचारली की काका जोडीदाराकडं बघतो आणि म्हणतो, "बरी हाय." दोघांतला एकही मला त्याहून जास्त एक शब्द सांगत नाही.