औषध न पडलेलं तळं

लॅबच्या फ्रीजमध्ये बाटल्या साठतात आणि लॅबमध्ये किस्से. बाटल्या आम्ही सहा महिन्यांनी फेकून देतो, किस्से कोण फेकणार!

नाशिकच्या एका कॉलेजात मी लॅब असिस्टंट आहे. सध्या माशांच्या तळ्यांतल्या जंतूंवर काम चाललंय. तळ्यात अँटिबायोटिक पडत राहिलं, की काही जंतू त्यालाही दाद देईनासे होतात. ते गुण त्यांच्या कुठल्या जीन्समध्ये आहेत, हे शोधायचं. पीएच.डी. करणारी तस्नीम, म्हणजे मालेगावच्या विणकराची लेक, तिचे गाइड आमचे सर आणि मी, एवढीच टोळी. मजेत चाललंय!

* * *

एकदा देवळाली कॅम्पकडून थर्माकोलची पेटी घेऊन आम्ही बसने परत येत होतो. शेजारच्या मावशींनी आतला बर्फ पाहिला.

"मासे कसे दिले गं?"

"मासे नाहीत मावशी, चिखल आहे," तस्नीम म्हणाली.

"बर्फात?"

"हो, खराब होऊ नये म्हणून."

मावशी उठल्या आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

* * *

कळवणजवळ एका तळेवाल्याला सर समजावत होते. "एक जंतू औषध पचवायला शिकला, की तो जीन शेजारच्या जंतूलाही देतो. नातं लागत नाही, ओळख लागत नाही!"

तळेवाला भारावला. "लय गुणाचे हायेत की! आमचा सख्खा भाऊ मोटरीचा पाना देत नाय."

* * *

तस्नीमने जंतू वाढवलेल्या प्लेटवर पाच अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर सगळे जंतू ठणठणीत!

सर आनंदाने ओरडले, "अभिनंदन! एकही मेला नाही!"

नेमका तेव्हा ऑफिसातला क्लार्क दारात होता. त्या दिवसापासून तो आमच्याकडचा चहा पीत नाही.

पण सरांनी अडचणही सांगितली. "औषध कधीच पडलेलं नाही, असं एक तळं तुलनेला हवंच. नाही मिळालं तर यंदा थीसिस जमा होणार नाही."

तस्नीमचा चेहरा उतरला. घरच्यांकडून एक वर्ष तिने आधीच वाढवून घेतलं होतं. मला फार वाईट वाटलं. पोरगी उन्हातान्हात चिखल भरत फिरली होती हो!

* * *

मग आमची शोधमोहीम निघाली. एका गावात काका छातीठोकपणे म्हणाले, "औषध? नाव नको!" तेवढ्यात त्यांचा नातू बोलून गेला, "आजोबा, त्या गोळ्या?"

"अरे, त्या माझ्या उरलेल्या! मला तीन दिवसांत बरं वाटलं. वाया कशाला घालवायच्या? दिल्या माशांना."

तस्नीम कळवळली. "काका, अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करायचा असतो!"

"झाला की पूर्ण! तीन दिवस मी, दोन दिवस माशांनी!"

* * *

शेवटी नामपूरकडच्या एका आप्पांचा पत्ता लागला. सगळं गाव सांगत होतं, आप्पांनी तळ्यात कधी औषधाचा थेंब टाकला नाही. माशांची औषधं विकणाऱ्या ओळखीच्या दुकानदारानेही खात्री दिली. तस्नीमला तर रडूच फुटलं. मी उत्साहाने आप्पांना फोन केला, "उद्या मॅडम येतायत. पाण्यात जंतू किती, कसले, सगळं तपासणार."

दुसऱ्या दिवशी पोचलो तर अंगण झाडलेलं, खाटेवर नवी चादर, आप्पा धुतलेल्या टोपीत उभे. चहा झाला. तस्नीमने बाटल्या काढल्या, हात निर्जंतुक केले आणि तळ्याच्या काठावर वाकली.

"आप्पा, एकदाच विचारते. माशांसाठी यात औषध कधीच टाकलं नाही ना?"

"कधीच नही, बेटा! आख्ख्या गावले इचार."

तस्नीम हसली. इतकी मोकळी हसताना मी तिला पहिल्यांदा पाहत होतो. तिने बाटलीचं झाकण उघडलं.

आप्पा जवळ सरकले आणि मायेने म्हणाले, "इतक्या लांबून पोरगी येनार, तिले घाण पाणी कसं द्यावं? म्हनीसन कालच भारीतलं औषध आनं आणि सगळं तळ्यात टाकी दिधं. आते एक बी जंतू नही शे. ले बेटा, भरी ले!"