कासमभाईंचा रोल

१९७१ च्या ऑक्टोबरात आमच्या टेरिटोरियल आर्मीच्या सेक्शनला भिवपुरीच्या वीजघराचा पहारा मिळाला. मी नाईक, हाताखाली नऊ जवान. डोंगरावरून उतरणारे पाण्याचे पाईप, तारेचं कुंपण आणि पलीकडे कामगारांच्या चाळी. युद्ध लागलं नव्हतं, पण लागणार हे दिसत होतं. येईल-जाईल त्याच्यावर नजर ठेवायची, असा हुकूम होता.

शिपाई किसन गायकवाड कर्जतकडच्या चौक गावाजवळचा, तेवीस वर्षांचा. तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला.

"उस्ताद, सकाळी एक सायकलवाला येतो. चाळीतली कुत्री त्याच्यावर भुंकत नायत."

"मग?"

"आपल्यावर अजून भुंकतात."

म्हणजे हा माणूस बऱ्याच दिवसांपासून येत होता. मी रजिस्टरला नोंद केली.

दुसऱ्या दिवशी ०६४० वाजता किसनने त्याला गाठलं. कुंपणालगत गवतात पालथा पडलेला, डोळ्याला कॅमेरा. "हात वर" म्हटलं तर त्याने फक्त बोट ओठांवर ठेवलं. किसनने रायफलचा बोल्ट ओढला, तेव्हा तो उठला.

नाव कासम. वय पन्नाशीचं. कर्जत बाजारात फोटो स्टुडिओ.

"कसले फोटो काढत होता?"

"कुत्र्यांचे."

"ते कोण घेतं?"

"कोनीच नाय. मानसं कॅमेरा बघितला की ताठ होतात. कुत्रं नाय होत. म्हणून काढतो."

या उत्तराने माझा संशय वाढला. खरं सांगायचं तर नाव ऐकूनच तो वाढला होता.

मी फील्ड टेलिफोनवर सुभेदार साहेबांना कळवलं. "एक इसम ताब्यात. कॅमेऱ्यासह."

"फिल्म?"

"आत आहे, साहेब."

"उघडू नको. समोर उभा राहून धुवून घे."

ट्रकने कर्जतला आलो. बाजारातून कासमभाई पुढे, मागे रायफली घेऊन मी आणि किसन. दुकानापर्यंत पन्नासेक माणसं जमली. "हेर हाय," कुणीतरी म्हणालं. कासमभाईंना कुलूप उघडायला वेळ लागला.

डार्करूममध्ये मिट्ट काळोखात त्यांनी रोल डब्यात भरला. तेवढा वेळ माझा हात त्यांच्या खांद्यावर होता. रोल धुऊन वाळल्यावर त्यांनी लाल दिव्याखाली एकेक कागद औषधाच्या पाण्यात सोडला, तशी चित्रं उमटू लागली. कान खाजवणारं कुत्रं. एकमेकांवर मान टाकून झोपलेली दोन म्हातारी कुत्री. पिल्लू तोंडात धरून निघालेली कुत्री. एका फोटोत पाईपची सावली होती आणि त्या सावलीत ती पिलांना पाजत होती. बाकी काही नव्हतं.

११३० ला फोन केला. "सोडून दे," साहेब म्हणाले.

बाहेर लोक थांबले होते. "काय मिळालं?" एकाने विचारलं.

"चौकशी चालू आहे," मी म्हणालो. सवयीने तोंडातून गेलं. तसाच ट्रकमध्ये बसलो.

आठवड्याने कळलं, दुकानाच्या पाटीवर कुणीतरी डांबर फासलंय आणि तिकडे कुणी फिरकत नाही.

"उस्ताद, आपन तवाच सांगायला पायजे होतं," किसन म्हणाला.

"ते आपलं काम नाही."

रविवारी किसनने आऊटपास घेतला, कडक इस्त्रीचा युनिफॉर्म चढवला आणि भर बाजारात कासमभाईंच्या दुकानात जाऊन बसला. दार सताड उघडं ठेवायला लावलं. बघायला लोक जमले. किसन काठीसारखा ताठ. कासमभाई कॅमेऱ्यामागे अर्धा तास नुसते थांबून राहिले. शेवटी एक कुत्रं पायरी चढून आत आलं. किसनने त्याच्याकडे पाहिलं आणि हसला. तेवढ्यात त्यांनी बटण दाबलं.

बाहेर पडताना किसन लोकांना म्हणाला, "आमीच धरला होता, आमीच सोडला. मानसात काय खोट नाय."

पुढच्या रविवारी मी गेलो. माफी मागणं जमलं नाही. फोटो काढून घेतला.

नोव्हेंबरात आम्हाला पश्चिम सरहद्दीकडे एका रेल्वे पुलावर हलवलं. डिसेंबरात युद्ध लागलं. एका दुपारी १४२० वाजता विमानं आली. किसन आणि आणखी दोघं पुलावर होते. तिघंही गेले.

परत आल्यावर किसनच्या घरी निघालो, तेव्हा कासमभाईही बरोबर आले. त्यांनी किसनचा तो फोटो मोठा करून, काचेत मढवून आणला होता. किसनच्या आईने तो बराच वेळ हातात धरला.

"ह्यो कुनाकडं बगून हसतोय रं?" तिने मला विचारलं.

कासमभाई म्हणाले, "दुकानात कुत्रं आलं होतं, बाय."

तिने मान हलवली. पदराने काच पुसली.

"घरात आसाच हसायचा," ती म्हणाली.